परक्या देशाची लय, ओळखीची टाळी



गावच्या देवळात भजन बसते तेव्हा पेटीवर कोण आहे, याकडे आपले आधी लक्ष जाते. पेटीवाला आजारी असला तर मंडळी शेजारच्या गावाहून दुसरा बोलावून आणतात; पेटीवाचून भजनाला रंग नाही, अशी आपली पक्की समजूत. आणि ही पेटी आली कुठून? तर थेट फ्रान्स देशातून. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ नावाच्या कारागिराने १८४२ साली तिचा हक्क सरकारदरबारी नोंदवला. तिचा भाता पायाने चालवायचा आणि वाजवणाऱ्याने खुर्चीवर बसायचे. आपले गवई जमिनीवर बसणारे. तेव्हा कलकत्त्याच्या कारागिरांनी भाता मागच्या अंगाला नेला, तो हाताने हलवायची सोय केली, आणि पेटी आपल्यासारखी मांडी घालून बसली.

ज्या आकाशवाणीवरून मी आज बोलतो आहे, तिनेच १९४० साली या पेटीला दार बंद केले होते, बरं का! पेटीचे बारा स्वर ठोकून बसवलेले, तिला मींड काढता येत नाही, श्रुती दाखवता येत नाहीत आणि ती मुळात परदेशी, असे आक्षेप होते. त्यांतले पहिले दोन खरेच आहेत. ही बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले. तोवर गावोगावची भजने पेटीवरच चालू होती, हे सांगायला नकोच. व्हायोलिनची गोष्टही निराळी नाही. दक्षिणेत ते येऊन दोनशे वर्षे होऊन गेली, आणि आज त्याच्यावाचून कर्नाटक संगीताची मैफल उभी राहत नाही.

एवढी प्रस्तावना केली, कारण आज मला ज्या संगीताविषयी बोलायचे आहे, ते पहिल्यांदा कानावर पडले की आपल्यापैकी पुष्कळ जण म्हणतील, ही शुद्ध भेसळ आहे! मीही तसेच म्हणत असे. त्या म्हणण्यापायी माझ्या हातून एक गोष्ट घडली, ती पुढे ओघाने सांगतो. या संगीताचे नाव जाझ; आणि जाझमध्ये निरनिराळ्या देशांतल्या कलावंतांनी आपापली लय, आपापले सूर आणून जी नवी वाट पाडली, तिला इंग्रजीत फ्यूजन म्हणतात. आपण 'मिलाफ' म्हणू.

जाझचा जन्म अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात, विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून आणलेल्या माणसांच्या वंशजांनी ते घडवले. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली; पण त्याआधीही या शहरात एक चौक होता, तिथे रविवारी या लोकांना जमून ढोल वाजवायला आणि नाचायला मुभा असे. कामाच्या वेळी एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, ही त्यांची गाण्याची रीत. आपल्या भजनात बुवा ओळ टाकतात आणि टाळकरी ती उचलतात, तसेच अगदी! पुढे लष्करी बँडांची जुनी वाद्ये, म्हणजे कॉर्नेट, क्लॅरिनेट, मोठे ढोल, त्यांच्या हाती स्वस्तात आली. प्रेतयात्रेलासुद्धा बँड असे. स्मशानाकडे जाताना संथ, रडवे सूर. आणि माती देऊन परतताना उडती चाल. त्या परतीच्या चालीतून जाझच्या पायाला पुष्कळ माती मिळाली आहे.

शिक्षक बंधुभगिनींसाठी इथे एक हकीकत मुद्दाम सांगतो. १९१२ सालच्या ३१ डिसेंबरला, वर्ष पालटण्याच्या रात्री, त्या शहरात एका अकरा वर्षांच्या काळ्या मुलाने गंमत म्हणून भर रस्त्यात पिस्तूल उडवले. पोलिसांनी त्याला धरले आणि उनाड मुलांच्या सुधारगृहात धाडले. तिथे पीटर डेव्हिस नावाचे एक शिक्षक मुलांचा बँड बसवीत. त्यांनी आधी या मुलाला जवळ येऊ दिले नाही. वाईट वस्तीतला, म्हणजे वाईटच असणार, असे त्यांचे मत. पण ते त्याच्याकडे बघत राहिले. मग एक दिवस त्यांनी त्याला डफासारखे वाद्य दिले, मग ढोल दिला, मग तुतारी, आणि शेवटी कॉर्नेट हाती ठेवला. तो मुलगा म्हणजे लुई आर्मस्ट्राँग. जाझमध्ये एकट्याने उभे राहून सुरांची उपज करायची म्हणजे काय, हे साऱ्या जगाला ज्याने ऐकवले, तो हा माणूस. १९७१ साली तो वारला.

आता माझी गोष्ट. मी तालुक्याच्या गावी एका माध्यमिक शाळेत संगीत शिकवीत होतो. आठवीत एक मुलगा होता. त्याचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत. मुलगाही हंगामात त्यांच्याबरोबर जाई आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगत असे. स्नेहसंमेलनाच्या वेळी तो वाद्य घेऊन माझ्याकडे आला. त्याला भूप येत होता, मीच शिकवलेला. पण तो त्यात दोन परके स्वर लावी आणि ठेका उलटासुलटा फिरवून पुन्हा बरोब्बर समेवर येई. मी त्याला म्हणालो, "हे रस्त्यावरचे चाळे रस्त्यावरच ठेव. शाळेत ते चालायचे नाहीत." त्याने वाद्य पेटीत घातले आणि तो गेला. पुढची दोन वर्षे तो शाळेत होता, पण संगीताच्या तासाला मागच्या बाकावर बसून राही. मला त्यात शिस्त दिसली. पीटर डेव्हिसांची हकीकत त्या वेळी मला ठाऊक नव्हती. आणि असती तरी मी काय केले असते, कोण जाणे.

हे संगीत मला ऐकवले ते आमच्याच शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकांनी. ते मूळचे गोव्याचे. त्यांच्या खोलीवर कॅसेटी होत्या, आणि पावसाळ्यात वीज असेल त्या रात्री ते त्या लावीत. पहिल्यांदा मला काहीच उमगले नाही. ते म्हणाले, "सूर सोडून द्या हो. नुसत्या मात्रा मोजा."

आपणही तेच करू या. जाझची साधी बैठक अशी. चार-चार मात्रांचे विभाग धरायचे. असे ३२ विभाग झाले की एक फेरा पुरा होतो, म्हणजे आपल्या भाषेत १२८ मात्रांचे एक लांबलचक आवर्तन. 'ब्लूज' नावाचा त्यांचा जो दुःखाचा, विरहाचा गानप्रकार आहे, त्याचा फेरा १२ विभागांचा, म्हणजे ४८ मात्रांचा. आधी सगळे मिळून मुखडा वाजवतात. मग एकेक जण पुढे येतो आणि त्याच फेऱ्यावर, त्या क्षणी सुचेल ते वाजवतो. बाकीचे साथ धरतात. शेवटी पुन्हा मुखडा. बंदिश, उपज, पुन्हा बंदिश. यात आपल्याला परके असे काय आहे?

परके आहे ते पुढेच. आपल्या गाण्यात तानपुऱ्याचा षड्ज अढळ असतो. राग कितीही फिरला, तरी पायाखालची जमीन तीच. जाझमध्ये तीन-चार स्वर एकदम उठतात, आणि हा स्वरांचा जुडगा दर काही मात्रांनी बदलत जातो. म्हणजे जमीनच सरकते म्हणा ना! भूप गाणाऱ्याच्या खालून कोणी दर चार मात्रांनी षड्ज काढून घेतला तर तो काय करील? जाझ आणि राग एकत्र बसवताना पुष्कळांची फसगत झाली ती नेमकी इथे. १९६० नंतरच्या दहा वर्षांत पाश्चात्त्य गाण्यांत सतार घालायची लाटच आली होती. त्यातले बरेचसे काम पानात वाढलेल्या लोणच्यासारखे आहे. जिभेला लावले, चव बदलली, संपले.

परंतु मात्रांच्या वाटेने जे गेले, त्यांना दार लवकर उघडले. डेव्ह ब्रूबेक नावाचे अमेरिकन पियानोवादक १९५८ साली आपल्या तीन साथीदारांसह सरकारी दौऱ्यावर निघाले. पोलंड, तुर्कस्तान, मग हिंदुस्थान, सिलोन आणि पुढे इराण-इराक असा तो प्रवास होता. इस्तंबूलच्या रस्त्यावर त्यांनी वाजवणाऱ्यांकडून एक चाल ऐकली. मात्रा नऊ, पण तीन-तीन-तीन अशा नव्हेत. तिथल्या नभोवाणीच्या वाद्यवृंदातल्या वादकांना त्यांनी ती करून दाखवली, तेव्हा एकापाठोपाठ एक सगळेच ती वाजवू लागले. त्यांच्या ती हाडीमाशी भिनलेली! ब्रूबेकांनी तिच्यावर रचना केली. ती १९५९ सालच्या त्यांच्या 'टाइम आउट' या तबकडीवर आहे.

त्या नऊ मात्रा अशा मोजा. एक-दोन, एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन. प्रत्येक 'एक'ला टाळी द्या. तीन टाळ्या सारख्या अंतरावर पडतात आणि चौथीनंतर जरासे थांबल्यासारखे होते, जणू पायरीला ठेच लागली आणि तोल सावरला. वर्गात निम्म्या मुलांना टाळी आणि निम्म्यांना बाकावर सगळ्या मात्रा, असे वाटून द्या. पाच मिनिटांत वर्ग डोलू लागतो. मी पुष्कळदा करून पाहिले आहे. त्याच तबकडीवर त्यांचे सॅक्सोफोनवादक पॉल डेस्मंड यांनी रचलेली पाच मात्रांची एक चीज आहे. तीन अधिक दोन. आपला झपताल दोन-तीन, दोन-तीन असा चालतो, हा तीन-दोन. झपताल पाठ असलेल्या माणसाला ही चीज ऐकताना ओळखीचा माणूस उलटा सदरा घालून आल्यासारखा वाटतो!

त्याच दौऱ्यात ब्रूबेक मुंबईस आले. सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर ते तिथे वाजवायला बसले. पुढे मद्रास, कलकत्ता हेही झाले. कलकत्त्याच्या नावाने त्यांनी ब्लूजची एक रचनाही केली.

मुंबईला मात्र जाझ नवे नव्हते. १९३५ साली लिऑन अॅबी या काळ्या अमेरिकन वादकाचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवून गेला होता. साहेबलोक आणि संस्थानिक नाचत, आणि हे वाजवीत. अशा ताफ्यांतून जागा पडली की भरून काढायला वादक कुठून येत? गोव्यातून. इथे जरा थांबू या, कारण या गोष्टीत शाळा आहे.

पोर्तुगीज अमलात गोव्यात चर्चला जोडून गावोगाव शाळा असत. तिथे मुलाला प्रार्थना शिकवीत, आणि तिच्या जोडीला दो-रे-मी-फा असे स्वर, कागदावरचे नोटेशन आणि व्हायोलिन. शिकवणारा मास्तर कडक असे. चुकीच्या स्वराला छडी ठरलेली. हेतू एवढाच, की चर्चमध्ये प्रार्थनेला गाणारे-वाजवणारे मिळावेत. पण नोटेशन घडाघड वाचणारी हजारो पोरे त्यातून तयार झाली, आणि पोटासाठी ती मुंबईला आली. धोबीतलावाच्या बाजूला गावागावाच्या नावाने त्यांच्या राहण्याच्या जागा असत. तिला कूड म्हणत. एका खोलीत भिंतीकडेने ट्रंका, वर देवाची तसबीर, आणि खुंटीला व्हायोलिन. मूकपटांच्या वेळी ते पडद्यासमोर वाजवीत, मग हॉटेलांत वाजवू लागले. आणि स्वातंत्र्यानंतर साहेबांचे नाच थंडावले, तसे ते मोठ्या संख्येने सिनेमाकडे वळले.

अल्डोना गावचा आंतोनिओ झेवियर वाझ हा ट्रंपेटवादक. लोक त्याला चिक चॉकलेट म्हणत. आर्मस्ट्राँगचा तो असा भक्त, की हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग अशीच त्याची ओळख झाली. आता दुसऱ्या बाजूने पाहा. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, आणि मास्टर भगवान, म्हणजे भगवान पालव. ही दोन मराठी माणसे आणि हा गोयकार १९५१ सालच्या 'अलबेला'त एकत्र आले. त्या चित्रपटातल्या एका गाण्यात चिक आपल्या साथीदारांसह, झालरीचे कपडे घालून, पडद्यावरच दिसतो. लग्नाच्या वरातीत आपण ज्या गाण्यांवर इतकी वर्षे नाचलो, त्यांत जाझ मुरलेले होते, आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता!

संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवी. मग गोव्याचा माणूस रात्री बसून ती पन्नास वादकांसाठी कागदावर उतरवी. व्हायोलिन कुठे उठणार, ट्रंपेट कुठे थांबणार, हे सगळे त्याच्या हातचे. चित्रपटाच्या नामावळीत बहुतेक वेळा त्याचे नाव नसे. माझोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे असेच एक. प्यारेलालजी त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. रागांवर रचना करून ती मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घ्यायची, हे त्यांचे स्वप्न. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात त्यांनी तसा कार्यक्रम केलाही. पुढे १९७७ साली शिष्याने 'अमर अकबर अँथनी'त त्यांचे नाव एका गाण्यात गुंफले. ते गाणे आपण सगळ्यांनी ऐकले आहे, पण या नावाचा खराखुरा माणूस होता, हे किती जणांना माहीत असेल?

गोव्याच्याच वळणाचे, पण मुंबईत १९३६ साली जन्मलेले अमान्सिओ डिसिल्व्हा हे गिटारवादक लंडनला जाऊन राहिले. तिथे मूळचे जमैका बेटावरचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट त्यांना भेटले. दोघेही परमुलखात आलेले, दोघेही वसाहतीत वाढलेले. १९६९ साली दोघांनी मिळून काढलेल्या तबकडीचे नाव साध्या हिंदीत आहे, 'हम दोनो'. डिसिल्व्हांच्या दुसऱ्या एका तबकडीचे नाव 'कोकण डान्स'. ती १९७२ साली ध्वनिमुद्रित झाली आणि २००६ सालापर्यंत बाहेरच आली नाही. तोवर डिसिल्व्हा वारून दहा वर्षे झाली होती.

हॅरियट यांनी त्याआधी कलकत्त्याचे जॉन मेयर यांच्याबरोबर काम केले होते. मेयर लंडनच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवीत आणि रचना करीत. पाच वादक जाझचे, पाच दुसऱ्या बाजूचे, असा त्यांचा मेळ. तबकड्या १९६६-६७ च्या. मला विचाराल तर हे काम थोडे ताठर वाटते. मेयर सगळे आधी लिहून ठेवीत, आणि लिहिलेल्या रागाला श्वास कमी पडतो. पण त्या तबकड्यांवर तबल्याला एक माणूस आहे, त्याचा हात मात्र ऐकत राहावा असा. ते केशव साठे. मुंबईहून लंडनला गेलेले. १९६७ साली त्यांनी जर्मनीत स्विस पियानोवादक इरेन श्वाइत्सर यांच्या मंडळींबरोबर वाजवले. आणि १९७७ साली जॉन रेनबोर्न यांच्या मेळ्यात इंग्लंडच्या जुन्या लोकगीतांना तबल्याची साथ केली. कुठे जाझ, कुठे इंग्रजी ओव्या! ते कुठेही तबला दामटून पुढे आणीत नाहीत. समोरच्याची चाल ओळखून तिच्याखाली ठेका सरकवतात. आपल्या संगीताच्या पुस्तकांत हे नाव क्वचित दिसते, याचे मला वाईट वाटते.

आता ती सरकत्या जमिनीची अडचण सोडवली कोणी? माझ्या मते, 'शक्ती' या मेळ्याने. इंग्लंडचे गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांचे नाव विजेच्या गिटारीवर झाले होते. कानठळ्या बसाव्यात असे ते वाजवीत. ते बाजूला ठेवून त्यांनी एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकायला घेतली, आणि मग तिघांना बरोबर घेतले. मुंबईत जन्मलेले झाकिर हुसेन तबल्यावर, एल. शंकर व्हायोलिनवर आणि विक्कू विनायकराम घटावर. घट म्हणजे मातीचा माठच. त्यांची पहिली तबकडी ५ जुलै १९७५ रोजी अमेरिकेत एका कॉलेजात लोकांसमोर वाजवताना मुद्रित झाली. तिच्यातली पहिली चीज १८ मिनिटांची आहे.

मॅकलॉफ्लिन यांनी स्वरांचे ते सरकते जुडगे जवळजवळ सोडूनच दिले. गिटारीवर तिरप्या बसवलेल्या जादा तारा घेतल्या, तरफेच्या तारांसारख्या. पट्टीवरचे लाकूड दोन पडद्यांच्या मधे कोरून खोलगट करून घेतले, म्हणजे तार दाबून मींड निघेल. पेटीवरचा आपला जुना आक्षेप आठवला का? या माणसाने तो ऐकला आणि सुताराकडे गेला! त्यांच्या जुन्या चाहत्यांना हे आवडले नाही. त्यांना आपली वीज हवी होती. मला आणखी एक गोष्ट मोठी वाटते. तबला उत्तरेचा आणि घट दक्षिणेचा. ही दोन वाद्ये एका देशातली, पण एका बैठकीत क्वचितच बसलेली. त्यांना एकमेकांच्या शेजारी बसवायला एक इंग्रज यावा लागला. आपल्याच घरातल्या दोन भावांची ओळख पाहुण्याने करून द्यावी, तसे झाले.

तो मेळा पहिल्यांदा थोडीच वर्षे टिकला. १९९७ पासून पुन्हा जमला. त्यात पुढे मेंडोलिनचे यू. श्रीनिवास, विनायकरामांचे चिरंजीव सेल्वगणेश आणि चेंबूरचे शंकर महादेवन आले. त्यांच्या २०२३ च्या ध्वनिमुद्रिकेला २०२४ च्या फेब्रुवारीत ग्रॅमी पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी डिसेंबरात झाकिर हुसेन गेले. त्यांचे वडील अल्लारखाँ यांनी तरुणपणी मुंबईच्या रेडिओवर नोकरी केली होती, आणि १९६८ साली अमेरिकन जाझ ढोलवादक बडी रिच यांच्याबरोबर त्यांचीही तबकडी निघाली होती. घरात ही वाट आधीच मळलेली होती.

दुसऱ्या एका घराची गोष्ट सांगून आटपतो. बेळगावला मेनकाबाई शिरोडकर नावाच्या नर्तकी आणि गायिका होत्या. अल्लादियाखाँ साहेबांची तालीम त्यांना मिळालेली. त्यांची मुलगी भानुमती, म्हणजेच ठुमरी-दादऱ्याच्या शोभा गुर्टू. 'सामना' आणि 'लाल माती' या मराठी चित्रपटांतले त्यांचे गाणे आपण ऐकले आहे. त्यांचा मुलगा त्रिलोक, जन्म मुंबईचा, १९५१ चा. तो तबला शिकला आणि मग पाश्चात्त्य ढोलांच्या मांडणीत जाऊन बसला. बसला म्हणजे स्टुलावर नव्हे, गुडघे टेकून. भोवती ढोल, शेजारी तबला, आणि पाण्याने भरलेली बादली. वाजती झांज त्या पाण्यात बुडवली की तिचा सूर खाली घसरतो. मींडच ती, पाण्यातून काढलेली.

१९८४ साली कॉलिन वॉलकॉट हा अमेरिकन वादक मोटार अपघातात गेला. तो अल्लारखाँचाच तबल्यातला शिष्य. 'ऑरेगॉन' नावाच्या मेळ्यातली त्याची जागा त्रिलोकना मिळाली. १९८८ साली त्यांनी स्वतःची पहिली ध्वनिमुद्रिका काढली, 'उसफ्रेट'. तिच्यात अमेरिकेचे ट्रंपेटवादक डॉन चेरी आहेत, 'शक्ती'चे एल. शंकर आहेत, आणि गायला कोण? शोभाताई. साठी ओलांडलेली आई मुलाच्या त्या ढोलांच्या कल्लोळात ठुमरीच्या अंगाने स्वर लावते. त्या आपली जागा सोडीत नाहीत. आवाज चढवीत नाहीत, घाई करीत नाहीत. मुलगा तिच्याभोवती लय फिरवतो, पण समेवर आईला हात देतो. पुढे त्रिलोकनी आफ्रिकेतल्या बेनिन देशाच्या गायिका अँजेलिक किजो यांच्याबरोबरही काम केले. तेही ऐका, पण आधी हे ऐका. शोभाताई २००४ साली वारल्या. हे सगळे ध्वनिमुद्रण आता हातातल्या मोबाइलवर मिळते, कॅसेटीची वाट पाहावी लागत नाही. एका वेळी एकच चीज घ्या. पहिल्यांदा टाळी, दुसऱ्यांदा सूर.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या नात्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. मांडवाबाहेर बँडवाले चहा पीत बसले होते, आणि त्यांत तो होता, क्लॅरिनेट मांडीवर घेऊन. केस पांढरे झालेले. त्यानेच मला ओळखले आणि उठून उभा राहिला. मी शेजारी बसलो. काय बोलावे ते सुचेना, म्हणून मी त्याला गुडघ्यावर त्या नऊ मात्रा वाजवून दाखवल्या. त्याने एक फेरा ऐकला, दुसऱ्याला मान हलवली आणि तिसऱ्याला वाद्य तोंडाला लावले. भूपच काढला त्याने, ते दोन परके स्वर लावून. मग थांबून म्हणाला, "मास्तर, हे बरं आहे. शेवटच्या तिनात दम घ्यायला जागा मिळते." आणखी काही बोलणार, तोच कोणी तरी हाक मारली. नवरदेव वेशीपाशी आला होता, आणि त्याला उठावे लागले.